कोणाकडची पाहुणी

कोणीतरी तिच्या हातात एक बाळ दिलं आणि निघून गेलं.

तिने लग्नाच्या हॉलमध्ये नुकतंच पाऊल टाकलं होतं. शिकायला म्हणून परदेशातून आलेली मुलगी. अंगावर घरमालकीण काकूंचे उसने भरजरी कपडे, आणि ते जागच्या जागी राहावेत म्हणून लावलेल्या अकरा पिना. इथली भाषा ती दोन वर्षं पुस्तकातून शिकली होती, आणि ते पुस्तकही बरंच जुनं होतं.

"क्षमा असावी," समोर दिसलेल्या पहिल्याच बाईंना ती म्हणाली, "हे अपत्य माझे नव्हे."

"ते दिसतंयच," बाई म्हणाल्या. "मान धर त्याची. अशी नाही, अशी. आणि दारात उभी राहू नकोस, फुलांच्या टोपल्या यायच्यात."

बाई साठीच्या. डोळ्यांवर चष्मा, आवाज खणखणीत. बाळाची मान धरायला शिकवता शिकवताच त्यांनी फोटोवाल्याला दोन पावलं मागे सरकवलं, पंखा वाढवायला लावला आणि उन्हात बसलेल्या एका आजोबांना खुर्चीसकट सावलीत नेऊन ठेवलं.

मुलीला एकदम बरं वाटलं. चार महिने तिने इथले समारंभ खिडकीतूनच पाहिले होते. समोरच्या घरावर दिव्यांच्या माळा लागायच्या, गाणी सुरू व्हायची, आणि ही आपली खोलीत बसून त्या समारंभांवर निबंध लिहायची. प्राध्यापकांनी तो निबंध परत पाठवला होता. खाली एकच ओळ होती: 'पण तू तिथे गेली होतीस का?' त्यामुळे काकूंनी भाचीच्या लग्नाला बोलावलं, तेव्हा तिला नुसतं आमंत्रण नाही, जीवदानच मिळालं होतं. काकू मदतीला म्हणून पहाटेच पुढे गेल्या होत्या. हिला पत्ता लिहून दिला होता, आणि ती बरोबर त्या पत्त्यावर आली होती.

बाळाची आई आली, बाळ घेऊन गेली आणि त्या बदल्यात आपली पर्स ठेवून गेली. मग मुलीकडे पाण्याचा जग आला. मग पेल्यांचा ट्रे. मग एका पाच वर्षांच्या पोरीचा सुटलेला बूट.

येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला दोनच प्रश्न विचारत होता. जेवलीस का? आणि कोणाकडची, मुलाकडची की मुलीकडची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ती द्यायच्या आत ताटात गोड पडायचं. दुसऱ्याचं उत्तर बाईच द्यायच्या.

"आपलीच आहे. पुढे चला, मागे गर्दी होतेय."

मुलाकडच्यांना ती मुलीकडची वाटली आणि मुलीकडच्यांना मुलाकडची. एकूण सगळे खूश होते.

बाईंवाचून तर तिथलं पानही हलत नव्हतं. कोणी त्यांना काकू म्हणायचं, कोणी मावशी, कोणी नुसतंच 'अहो'. आचारी मीठ बरोबर आहे का ते त्यांनाच विचारायला आला. जेवायला आधी कोणी बसायचं यावरून दोन्हीकडच्या काकांची जुंपली, तेव्हाही बाईच मध्ये पडल्या.

"आधी म्हातारे आणि पोरं बसतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं सावकाश भांडा. भूक चांगली लागेल."

काका बाजूला. म्हातारे आणि पोरं पानावर. मुलीने मनातल्या मनात निबंध फाडून टाकला आणि वाढायला घेतलं.

दोन तासांनी तिचा फोन वाजला. काकू होत्या.

"अगं, आहेस कुठे तू? वाट बघून डोळे दुखायला लागले माझे!"

"मी येथेच उपस्थित आहे, काकू. वधूच्या उजव्या बाजूस."

"काहीतरीच काय! नवरी माझ्यासमोर बसलीय." काकू थांबल्या. "तू कितव्या मजल्यावर आहेस?"

"तळमजल्यावर."

"अगं वेडे, आपलं लग्न वरच्या हॉलमध्ये आहे! ये लवकर. इथे आधीच डोक्याला ताप झालाय. घरच्यांच्या फोटोला नवरीच्या आत्याला बोलवायचं राहिलं, आणि त्या रुसून गेल्या निघून. लग्न राहिलं बाजूला, सगळे आत्यांनाच शोधतायत."

मुलीच्या हातातला वाढायचा चमचा तसाच राहिला. ज्यांचं नावही माहीत नाही अशा माणसांचं ती दोनदा जेवली होती. त्यांच्या पोरांना दटावलं होतं. नवरा-नवरीच्या मधोमध उभी राहून, दात काढून, निदान चाळीस फोटोंत आली होती.

पळून जावं असं तिला वाटलं. पण बाईंना फसवून जाणं जिवावर आलं. बाई पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. ती त्यांच्यासमोर जाऊन मान खाली घालून उभी राहिली.

"माझ्या हातून घोर अपराध घडला आहे," ती म्हणाली. "हे लग्न माझे नव्हे. माझे लग्न वर आहे."

"म्हणजे?"

"मी वरच्या लग्नाची पाहुणी आहे. चुकून खाली आले. तिथे वधूची आत्या रुसून निघून गेली आहे, आणि सर्व जण तिचा शोध घेत आहेत."

बाईंचं पंगतीवरचं लक्ष उडालं. दोन तासांत पहिल्यांदाच. त्यांनी एकवार जिन्याकडे पाहिलं, मुलीचा दंड धरून तिला खांबाआड ओढलं आणि तो खणखणीत आवाज अगदी कानाशी आणला.

"माझा भाऊ स्वतः शोधतोय, की नुसती पोरं पाठवलीत?"