लेफ्टनंटशी एक मेरेंगे

लेफ्टनंट बारिएंतोसने हात पुढे केला आणि अंगणात सणाला जमलेल्यांची कुजबुज थांबली.

"चला, दोन्या तोमासिना. एक मेरेंगे नाचू या."

दोन्या म्हणजे बाईसाहेब, पण तोमासिना बाकावरून उठली नाही. याच माणसाने गेल्या महिन्यात गावातली चार पोरं जीपमध्ये घालून नेली होती. चर्चच्या भिंतीवर कोणीतरी राष्ट्रपतींविरुद्ध दोन शब्द लिहिले होते, एवढंच निमित्त. राष्ट्रपतींना सगळा देश हेफे म्हणायचा, म्हणजे मालक. नेलेल्यांत तोमासिनाचा एकुलता एक लिसांद्रो होता. पोरं जिवंत असतील असं आता कोणी म्हणत नव्हतं. पण काळे कपडे घालायचीही चोरी होती. हेफेच्या राज्यात माणसं नाहीशी होतच नाहीत, मग दुखवटा कसला करता?

शेजारी बसलेल्या ओनेलियाने तिला कोपराने ढोसलं. ओनेलियाचा एवारिस्तोही त्या चौघांतच होता.

"ऊठ बाई," ती ओठ न हलवता म्हणाली. "इथे पाय नाही म्हणाले तर मान जाते. आणि त्याच्या कानाशी बोलायला मिळेल. विचार, कुठे पुरलीत. चौघांचंही विचार."

तोमासिना उठली.

पूर्वी शहरातले बडे लोक मेरेंगेला नाकं मुरडायचे. गोठ्यातला नाच म्हणायचे. मग हेफेला तो आवडला आणि तेच लोक बायकांच्या कमरेत हात घालून घुमू लागले. आता सणाच्या दिवशी मेरेंगेला नाही म्हणणं हा गुन्हाच होता. गावातली म्हातारी माणसं मात्र त्याची वेगळीच गोष्ट सांगत. कुठल्याशा जुन्या लढाईतून एक शिपाई पाय मोडून घरी आला. त्याच्यासाठी नाच ठेवला. तो बिचारा एक पाय ओढत नाचू लागला, तेव्हा त्याला लाज वाटू नये म्हणून सगळं गावच एक पाय ओढत नाचलं. तोमासिनाने लिसांद्रोला नाच शिकवला तो हीच गोष्ट सांगत. "पाय उचलायचा नाही रे, ओढायचा. गुडघा सैल सोड. कंबर येते मागून आपोआप."

अकॉर्डियनने संथ चाल धरली. जोडपी हातात हात घेऊन अंगणाला एक फेरी मारून आली. मग बोकडाच्या कातड्याचा ढोल दणाणला, किसणीसारखं पत्र्याचं वाद्य खरवडू लागलं आणि लेफ्टनंटने तिला जवळ ओढलं. त्याचा नाच राजधानीतला होता. पाठ ताठ, हनुवटी वर. अंगाला अत्तराचा आणि रमचा वास.

"छान नाचता. या वयातसुद्धा."

"साहेब, एक विचारू?"

"विचारा की. सण आहे आज."

तिने तोंड त्याच्या कानाजवळ नेलं. लांबून बघणाऱ्याला ती लाडीगोडीच वाटली असती.

"पोरांना कुठे पुरलंत, तेवढं सांगा. कोणी तक्रार करणार नाही. नुसती मेणबत्ती लावायची आहे."

त्याने तिला एक गिरकी दिली आणि पुन्हा जवळ घेतलं.

"तिघांना पुरलं नाही. बोटीतून नेऊन समुद्रात टाकलं. तिथे कसली लावता मेणबत्ती?"

ताल चढला होता. ती सवयीने पाय ओढत राहिली.

"तिघांना?"

"चौथ्याला कशाला टाकू? तुमचा लिसांद्रो शहाणा निघाला, दोन्या. कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं त्याला. मी नव्हतो, त्या तिघांनी लिहिलं, असं सांगून मोकळा झाला." तो हसला. "राजधानीत असतो आता. सूट घालतो. कॉलेजच्या पोरांत बसवलाय त्याला आम्ही. कान चांगले आहेत त्याचे."

जिवंत आहे. माझा लिसांद्रो जिवंत आहे. त्या एका कडव्यापुरती ती खरोखर सुखी झाली. या सुखाची क्षमा तिला पुढे कधीच स्वतःला करता आली नाही.

मग लेफ्टनंटच्या खांद्यावरून तिला बाकावरची ओनेलिया दिसली.

"मग घरी का येत नाही तो?" तिने विचारलं.

"तुम्हीच सांगा, का येत नाही ते."

बाजा थांबला. लेफ्टनंटने वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजवाव्याच लागत. तोमासिना अंगण ओलांडून बाकाशी आली. खाली बसते न बसते तोच ओनेलियाने तिचं मनगट धरलं.

"काय म्हणाला?"

"समुद्रात टाकलं. थडगं नाही, काही नाही."

ओनेलियाने रुमाल तोंडात कोंबला. लेफ्टनंट अजून इकडेच बघत होता, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती. ती नुसती हलत राहिली, पुढेमागे, जणू तालच धरतेय. बऱ्याच वेळाने तिने तोमासिनाच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"आणि तुझा गं? लिसांद्रोलाही?"

समोर दुसरा मेरेंगे सुरू झाला होता. तोमासिना त्या ओढत्या पायांकडे बघत राहिली.

"त्याला सगळ्यांच्या आधी," ती म्हणाली.