सहा ग्रॅमची सुई

टुक! वजनकाटा पुन्हा आपोआप बंद पडला. लेक उठली की तिला आजीची अंगाई ऐकवायची होती. गेलेल्या आईचा आवाज एवढ्या एकाच रेकॉर्डवर होता. काटा परत चालू केला, दाब मोजायला त्यावर रेकॉर्ड प्लेअरची सुई अलगद टेकवली. सहा ग्रॅम! पाहिजेत दोन, नाहीतर सुई रेकॉर्ड खरवडते. सुईच्या दांडीमागचं वजन फिरवून बोटं दुखली, तरी आकडा उतरेना. मग सुईच्या वर चिकटपट्टीने डकवलेलं नाणं दिसलं. “बाबा, हे काय?” “सुई उड्या मारायची गं. रोज ऐकतो ना मी.” “रोज? अहो, आईच्या आवाजावर नांगर फिरवलात!” नाणं खरवडून काढलं, दोन ग्रॅम जुळवले, रेकॉर्ड लावली. नुसती खरखर. संतापून सुई उचलायला गेले, तर बाबा डोळे मिटून अंगाईचे शब्द पुटपुटत होते. लेक उठून आली होती. “आई, आजोबांना आजी ऐकू येतेय, मला का नाही?”