पुन्हा पाणी नाही

"नाही म्हणजे नाही," फादर म्हणाले. "तुझ्या डोक्यावर मी पाणी घालणार नाही."

चर्चमागच्या छोट्या खोलीत मुलगी आणि तिची आई त्यांच्यासमोर बसल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा कॅथलिक, आणि तिनेही मनापासून कॅथलिक व्हायचं ठरवलेलं. शनिवारी तिला चर्चमध्ये सामील करून घ्यायचं होतं, आणि तिला सगळं अगदी पहिल्यापासून हवं होतं: पांढरा पोशाख, मेणबत्ती, डोक्यावर पाणी. आईही ख्रिस्ती, पण दुसऱ्या मंडळीतली, प्रोटेस्टंट.

"पण का, फादर?" मुलगी हिरमुसली. "माझा बाप्तिस्मा धड झालाय तरी कुठे? हॉस्पिटलात आईनेच काहीतरी केलं म्हणे. ना पास्टर, ना प्रार्थनाघर."

'काहीतरी' आईला झोंबलं. झोंबणारच की! तिने पदर सावरला.

"तुम्ही नेमकं काय केलंत, बाई?" फादरांनी विचारलं.

"ही सातव्या महिन्यात झाली. काळीनिळी. नर्स म्हणाली, तासभर तरी काढेल की नाही, सांगता येत नाही. पास्टरांकडे माणूस धाडला, तर ते परगावी. मग मीच उठले. पेल्यातलं पाणी हिच्या कपाळावर ओतलं आणि म्हटलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. हात असा थरथरत होता की अर्धं पाणी नर्सच्या अंगावर." ती थांबली. "नावसुद्धा ठरलं नव्हतं. छकुली म्हटलं. पुढे पास्टर म्हणाले, रीतसर पुन्हा करू या. मी हट्टाने नाही म्हटलं. पण तेव्हापासून जिवाला घोर आहे, फादर. माझ्या हट्टापायी पोर तशीच राहिली की काय?"

फादर पूर्वी सेमिनरीत, होऊ घातलेल्या फादरांना, इतिहास शिकवत. त्यांना वेळ विचारली तरी ते तिसऱ्या शतकापासून सुरुवात करतात, अशी त्यांची ख्याती. माणूस मात्र लाखातला. आज त्यांनी ते शतक चक्क थोडक्यात आटोपलं.

"हे भांडण फार जुनं आहे, बाई. तिसऱ्या शतकात चर्चमध्ये फूट पडली होती. फुटून गेलेल्यांकडे बाप्तिस्मा घेतलेली माणसं मूळ चर्चकडे येऊ लागली. आफ्रिकेतले एक मोठे बिशप म्हणाले, यांना नव्याने पाणी घाला. रोमचे बिशप म्हणाले, मुळीच नाही, झालं ते झालं. डोक्यावर हात ठेवा आणि घरात घ्या. अशी जुंपली दोघांत की विचारू नका! आणि आज दोघेही आमचे संत."

"मग खरं कुणाचं?" आईने विचारलं.

"रोमचं. हात कुणाचाही असो, थरथरणारा का असेना, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. तुमच्या मंडळीतला ख्रिस्त काय वेगळा आहे? तुमच्या लेकीचा बाप्तिस्मा पुरता झालाय. स्वतः पोप आले तरी त्यांना तो पुन्हा देता यायचा नाही."

"आणि ते छकुली?"

"अहो, चालतं. कोणती छकुली ते देवाला कळलं असेल."

आई हसली, आणि हसता हसता रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. केवढं ओझं घेऊन ही बाई इतकी वर्षं घर चालवत होती, स्वयंपाक करत होती, लेकीच्या वेण्या घालत होती! मुलगी बघतच राहिली.

"तासाभराचं तू मला कधी बोलली नाहीस, आई."

"काय बोलायचं? जगलीस ना तू."

मुलीने नाक पुसलं आणि फादरांकडे वळली. "मग शनिवारी माझं काय करणार?"

"तू सगळ्यांसमोर श्रद्धा कबूल करशील. मग मी तुझ्या डोक्यावर हात ठेवीन, कपाळाला तेल लावीन. पाणी नाही."

मुलगी खुर्चीवरून उठली, आईच्या पुढ्यात फरशीवर बसली आणि तिने मान खाली घातली.

"आधी तुझा हात ठेव," ती म्हणाली.

आईने बावरून फादरांकडे पाहिलं. ते उठून, हात जोडून उभे राहिले होते.