पांढरा रुमाल

पहिल्याच दिवशी नर्सनं दोघा भावांना बजावलं होतं, "टीबीच्या या गोळ्यांनी डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं. घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत." मग ती धाकट्याकडे वळली. "तुम्हीही खोकताय. तपासून घ्या."

"मला काय धाड भरलीय, सिस्टर? तुम्ही दादाचं बघा."

गोळ्यांची पाकिटं वेळेवर रिकामी होत राहिली. थोरला मात्र खंगतच गेला. आज त्यानं डोळे मिटले.

नर्स आली तेव्हा धाकटा उशाशी बसून ढसाढसा रडत होता. "शेवटपर्यंत माझ्या हातानं गोळ्या दिल्या हो!"

एवढा रडला, पण एकदाही खोकला नाही.

नर्सनं आपला पांढरा रुमाल पुढे केला. त्यानं डोळे पुसून तो परत दिला.

रुमालावर नारिंगी डाग पडले होते.