मुरीची साक्ष

घाटावर मांडव उभा राहिला, हार आले, पेढे आले. फक्त नदीचं मत यायचं होतं. नदीतल्यांना विचारल्याशिवाय पर्यावरणाचा पुरस्कार द्यायचा नाही, असा आता कायदाच होता. पाण्यात माइक सोडला की मंचावरच्या स्पीकरमधून मासे चक्क मराठीत बोलायचे.

अध्यक्ष बापूसाहेबांनी विचारलं, "मृणालिनी दाभाडे यांना ओळखता का? चित्रं, नाटक, विज्ञान, सगळं एकत्र करून त्यांनी अख्ख्या गावाला नदी शिकवली."

तळाच्या दगडांत राहणारी एक म्हातारी मुरी मासळी बोलली, "ओळखते की! दगडवाली बाई."

टाळ्या पडल्या. मृणालिनीताईंच्या शिबिरात प्रत्येक पोर नदीतला एक दगड उचलून, रंगवून घरी न्यायचं. गावात टीव्हीशेजारी असा दगड नाही असं घर नव्हतं.

"त्या दगडांखाली आमची अंडी असायची," मुरी म्हणाली. "आमची पिल्लं जायची, तुमची पोरं नाचायची."

टाळ्या थांबल्या. बापूसाहेबांनी टेबलावरचा रंगीत दगड हळूच रुमालाखाली सरकवला.

मृणालिनीताई मान खाली घालून पाण्याजवळच्या पायरीवर आल्या. "चुकलं गं माझं. घरोघर फिरते, सगळे दगड परत आणते."

"आण. पण रंग काढून आण."

"हो, हो, स्वच्छ धुऊन आणते."

"धुवायला इथं येऊ नकोस बाई."

शिबिरातले सगळे ब्रश याच पायरीवर धुतले जायचे. मृणालिनीताईंनी गुपचूप पाय मागे घेतला.