गुणाजीची करंगळी

"हा पण थंडच," गुणाजी म्हणाला आणि दुसरा कटरही त्याने काउंटरवर बाजूला सारला.

दुकानदार विद्याधर वैतागला. घाटकोपरच्या त्या चिंचोळ्या दुकानात तो एरवी रेडिओ दुरुस्त करायचा, आणि श्रावण लागला की थर्मोकोल कापायचे तारेचे कटर बनवून विकायचा. खोड काढणारी गिऱ्हाइकं त्याला नवीन नव्हती. पण तापलेल्या तारेला थंड म्हणणारं हे पहिलंच.

"काका, सकाळी एक बाई भाजली याच्यावर."

"मग तिची कातडी नाजूक असंल."

गुणाजीला ऐरागैरा कटर चालणार नव्हता. यंदा त्याचा गणपती गलबतात बसणार होता. देवगडला त्याचे वडील ज्या गलबतावर तांडेल होते, हुबेहूब तसंच, शिडासकट. गेल्या वर्षी त्याने ब्लेडने किल्ला कापला, तर बुरूज उंदराने कुरतडल्यासारखे दिसले. चाळकऱ्यांनी तोंडावर वाहवा केली आणि जिन्यात जाऊन दात काढले. ते त्याला लागलं होतं. गलबताचं गोल पोट काही ब्लेडने निघत नाही, त्याला तापलेली तारच हवी.

पहिला कटर सेलवरचा, म्हणजे पोरखेळच. दुसरा धनुष्यासारखा, वायरने ट्रान्स्फॉर्मरला जोडलेला. दोन्ही तारांना गुणाजीने करंगळी टेकवून पाहिली होती.

"अहो, कापून बघा की. बोट कसलं लावताय?" त्याची बायको कमल म्हणाली.

"कापून काय कळता? तार बेतानं तापली पायजे. जास्त तापली तर भोकं पडतत."

अंधेरीच्या कारखान्यात वीस वर्षं तो फिटर होता. चालत्या मशीनचं बेअरिंग किती तापलंय ते तो करंगळीने सांगायचा. बाकीच्या बोटांना घट्टे पडतात, करंगळी तेवढी शाबूत राहते, हे उस्तादाने शिकवलेलं. गुणाजीची करंगळी खोटं बोलत नाही, असं साहेबसुद्धा म्हणायचे. त्याला त्याचा फार अभिमान.

विद्याधरने तिसरा कटर काढला. लाकडी पाट, मधोमध उभी ताणलेली तार, बाजूला ट्रान्स्फॉर्मर आणि पंख्याचा रेग्युलेटर. त्याने बटण दाबून थर्मोकोलचा तुकडा पुढे सरकवला. लोणी कापावं तसा तो कापला गेला, कड एकदम गुळगुळीत.

"हा माझ्या घरचा आहे. आता बोला."

गुणाजीचे डोळे चमकले. गलबत होणार. तरी सवय जाते थोडीच? त्याने करंगळी तारेला लावली.

"वाढव जरा."

विद्याधरने रेग्युलेटर एक घर फिरवला.

"अजून."

"काका, बस झालं."

"अरे, तापतच नाय तर..." गुणाजीने बोट तसंच दाबून धरलं आणि वाट पाहिली.

वास आधी कमलला आला. "काय जळतंय हो?"

विद्याधरने प्लगच उपटला. करंगळीवर आडवी खाच पडली होती, कडेने काळी, आत पांढरी. गुणाजी ती बघत राहिला. दुसऱ्या दोन बारीक रेघाही होत्या, आधीच्या तारांच्या. दुख, तो मनातल्या मनात बोटाला म्हणाला. दुख ना. बोट गप्प होतं.

हात वर धरल्यामुळे बाही कोपराकडे घसरली आणि आतला फिकट चट्टा उघडा पडला. शिमग्यापासून तो त्याला शिबं म्हणत होता. कडुलिंबाचं तेल लावत होता, उकाड्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घालत होता. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्याच्या भिंतीवर असाच चट्टा रंगवलेला होता. खाली लिहिलं होतं, खाजत नाही, दुखत नाही, तो महारोग असू शकतो. ते वाचून तो खोकल्याचं औषध न घेताच घरी आला होता.

विद्याधरने चट्टा पाहिला. तो मागे सरकला, पण दुकानात सरकायला जागा कुठली? पाठ फळीला लागली आणि वरचा एक रेडिओ हलला.

"दवाखान्यात दाखवा, काका," तो हळूच म्हणाला. "आता गोळ्या आहेत त्याच्यावर. बरं होतं."

"भाजल्यावर गोळ्या कशाला?" कमल म्हणाली. "मलम असेल तर द्या ना."

गुणाजीने बाही खाली ओढली. "हाच दे. पाटाचा. चांगला आहे." त्याने खिशातून नोटा काढून पुढे केल्या.

विद्याधरचा हात काही पुढे आला नाही. त्याने एक वर्तमानपत्र घेतलं आणि त्याच्या कडेने तिन्ही कटर गुणाजीकडे ढकलले.

"तिन्ही न्या. पैसे नकोत."

रस्त्यावर आल्यावर कमलचा चेहरा फुलला होता. "तुम्हाला भाजलं म्हणून जिवाला लागलं त्याच्या. देवमाणूस हो. पण आपल्याला एक बस आहे. दोन मी उद्या परत देऊन येते."

"नाय घेणार तो परत."

"का नाही घेणार?"

गुणाजीने कटरांची पिशवी उचलून दुसऱ्या हातात घेतली, तिच्यापासून लांबच्या. पण रिकामा झालेला हात कमलने धरलाच. करंगळी तोंडाजवळ नेऊन तिने हळूच फुंकर घातली.

"फार दुखतंय का हो?"

"फार," गुणाजी म्हणाला.