देवाशपथ

सोळाव्या सोमवारचा चुरमा ताई तूपगुळात मळत होती, तेवढ्यात बाहेर बाबांना फोन आला. परवा ताईला बघायला आलेल्यांना मुलगी पसंत होती. पण धाकटी, निमा.

"माझंच चुकलं," निमा दारातूनच म्हणाली. त्या दिवशी पाहुण्यांनी काही विचारलं की ताई मान खाली घालायची आणि उत्तर निमा द्यायची, लहानपणापासून द्यायची तसं. "काय वाचता?" यावरही तिनेच दोन बहिणींची अख्खी इंग्रजी कादंबरी सांगून टाकली होती. "त्यातली थोरली म्हणजे आमची ताई. जीव गेला तरी मनातलं सांगायची नाही!" सगळे हसले होते. मुलगाही. त्या हसण्यासरशीच तो ताईच्या मनात भरला होता.

आता निमा जवळ येऊन बसली. "तायडे, खरं सांग. तुला आवडला होता का तो? असेल तर आत्ता नकार कळवते."

ताईचे हात थांबले नाहीत.

"छे गं. मला कुठे तसं काही?"

"देवाशपथ?"

उपास असताना ताई खोटं बोलत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"देवाशपथ," ती म्हणाली.